कुंडलिक पंचाचा न्याय

कुंडलिकच्या तोंडाला लागायचं नाही, हे भाटघरच्या पंचक्रोशीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण जीभ! धंदा जात्यांना टाकी लावायचा, म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायचा. खांद्यावर पिशवी, पिशवीत छिन्न्या आणि हातोडा, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. एखादी बाई जातं पुढ्यात सरकवून नुसती म्हणाली, "दादा, नीट लावा बरं का," की झालंच. "का? मागल्या वर्साला वाकडं लावलं व्हतं? घे, तूच लाव!" असं म्हणून छिन्नी तिच्या पायाशी टाकायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना माहीत असायचं की तो घटकाभर फुरंगटून बसेल आणि मग असं जातं टाकवून देईल की नाचणीचं पीठ नुसतं भुरभुरत खाली पडावं.

त्याचा कान मोठा तयार होता. पहाटे कुठल्या घरचं जातं चाललंय हे तो गोधडीत पडल्या पडल्या सांगायचा. कुणाचं झिजलंय, कुणाचं एका अंगाला घासतंय, कुणी नुसताच हात फिरवतंय, सगळं त्याला आवाजावरून कळे. मग बाईनं बोलवायच्या आधीच हा तिच्या दारात हजर. "टाकी लावायला आलो. तुझ्या जात्याचं रडगाणं आयकून माझी झोप मोडती," असं वर ऐकवायचा.

मूळचा तो नगराकडचा. भाटघरचं धरण बांधायला घेतलं तेव्हा दगड फोडणारी माणसं लांबलांबून आली, त्यात हा आला. काम बारा-तेरा वर्षं चाललं. धरण पुरं झालं, साहेब लोक गेले, यंत्रं गेली, पण बारा घरं मागं राहिली. कामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतच त्यांनी संसार मांडले, म्हणून त्या जागेला पत्र्याची वस्ती म्हणत. ही बाराही घरं एकाच जातीतली आणि सगळी ख्रिस्ती झालेली. एक लांबडी पत्र्याची कोठी रिकामी पडली होती, ती झाडून सारवून त्यांनी तिचं देऊळ केलं. पाळकसाहेब पुण्याकडून तीन महिन्यांतून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायचे, म्हणजे येशूच्या आठवणीची पोळी मोडून तुकडा तुकडा वाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचे. मधल्या सगळ्या रविवारी उपासना चालवायची, भांडणं मिटवायची, मेल्या माणसाला माती द्यायची, हे काम दोन पंचांकडं होतं. धाकटा पंच गेनबा आणि थोरला आपला कुंडलिक.

त्याला पंच का केला? त्याच्या बापामुळं. बाप जुन्या जातीत पंच होता. लिंबाखाली घोंगडी टाकून बसायचा, आणि त्यानं एकदा शब्द टाकला की जातीत कुणाची टाप नव्हती मोडायची. कुंडलिक लहानपणी बापाच्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि सगळं बघायचा. कोण रडतंय, कोण पाया पडतंय, कुणाला वाळीत टाकलं, कुणी जातजेवण घालून परत आत आलं. न्याय म्हणजे काय हे तो तिथं शिकला. पुढं त्यानं देव बदलला, बाप्तिस्मा घेतला, दारू सोडली, बायकोवर हात उचलणं सोडलं. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो? न्यायाचं नाव निघालं की त्याच्या तोंडून बापच बोलायचा. आणि वस्तीलाही तेच गोड वाटायचं, कारण बाकीचेही त्याच लिंबाखालून आलेले होते.

वस्तीच्या टोकाला साळूबाईची खोली होती. तिचा नवरा भिमा आणि कुंडलिक एकाच टोळीत दगड फोडायचे. धरणाच्या शेवटच्या वर्षी सुरुंगाच्या दगडानं भिमा गेला. मरताना त्यानं कुंडलिकचा हात धरला आणि म्हणाला, "साळूकडं बघ." कुंडलिकनं मान हलवली. त्यानं बघितलंही, खोटं कशाला बोलावं? तिचं जातं फुकट टाकवायचा, पत्रा उडाला तर ठोकून द्यायचा. साळूबाई त्याला दादा म्हणायची, त्याची बायको फुलाबाई हिला वैनी. तिची एकच लेक, येस्तर. सात वर्षांची. पोरगी उपासनेत सगळ्यांच्या वरच्या सुरात गायची आणि कुंडलिक तिच्याकडं डोळे वटारायचा. मग ती आणखी मोठ्यानं गायची.

त्या साली भादव्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आधी नदीपलीकडं, मग वरच्या वाडीत, मग एक दिवस सकाळी येस्तरला उलट्या सुरू झाल्या.

साळूबाईनं फुलाबाईच्या हाती निरोप धाडला. "दादांना म्हणावं, येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवा, प्रार्थना करा. माझ्या तोंडातून शब्द निघंना."

फुलाबाईनं निरोप सांगितला. कुंडलिकनं ऐकून घेतला, पिशवी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "सांगवीला जातं लावायचंय. येताना जातो." सांगवीला कुणाचं जातं नव्हतं. कुणाचंच नव्हतं! हा बाबा धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला जाऊन एका धोंड्यावर पाण्याकडं बघत बसला. दुपार टळेपर्यंत बसला. भाकरी सोबत होती, तीही सोडली नाही.

तो परतला तर साळूबाई स्वतः दारात आली होती. आत पाऊल टाकलं नाही तिनं, अंगणातच उभी राहिली, आपल्यामुळं दुसऱ्याच्या घरात रोग नको म्हणून. तिच्या लुगड्याचा काठ चिखलानं भरला होता. म्हणाली, "दादा, या हो. पोर पांढरीफटक पडलीया. तुमी आलासा तर मला धीर येईल."

"आलोच," कुंडलिक आतून म्हणाला. "तू हो म्होरं."

ती पुढं झाली. तो गेला नाही. फुलाबाई त्याच्याकडं बघत राहिली, मग पदर खोचून स्वतःच निघाली, तर यानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. मग त्यानं दाराला कडी घातली. फुलाबाईच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण त्याला दिवसाउजेडी कडी घालताना तिनं पाहिलं नव्हतं. ती बसली.

सांजवेळी साळूबाईनं एकुलती एक कोंबडी काखोटीला मारली, पदरात नारळ घेतला आणि ओढ्याकाठच्या मरीआईला गेली. पोरीला घरात एकटं टाकून धावत गेली आणि धावत आली. गेनबा त्या वेळी ओढ्यावर बैल धूत होता. त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत येस्तर गेली.

मातीला कुंडलिक आला. उघड्यावर होतं ना सगळं, वारा होता. चार हात लांब उभं राहून त्यानं प्रार्थना म्हटली. साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

आता पुढं जे झालं ते सांगतानाही जीव जळतो. मातीला नऊ दिवस झाले नाहीत तोवर गेनबानं तोंड उघडलं. रविवारी उपासना संपली आणि तो उभा राहून म्हणाला, "मंडळीतल्या एकीनं मरीआईला कोंबडं दिलंया. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंया." बारा घरांत कुजबुज झाली. सगळ्या माना एकीकडं वळल्या. साळूबाई आपल्या जागेवरून उठली आणि मधे येऊन उभी राहिली.

थोरल्या पंचानं विचारायचं होतं. कुंडलिकनं विचारलं, "गेलीस?"

"गेले."

"कोंबडं दिलंस?"

"दिलं. नारळबी फोडला."

लिंबाखाली त्याचा बाप इथं तिसरा प्रश्न विचारायचा. खुनी समोर असला तरी विचारायचा. "का?" बस, एवढाच. त्यावर माणूस दोन शब्द बोलायचा, कधी रडायचा, कधी खोटं सांगायचा, पण त्याला बोलायला जागा मिळायची. कुंडलिकनं तो प्रश्न विचारला नाही. कसा विचारणार? उत्तर त्याला ठाऊक होतं. ते उत्तर सगळ्या मंडळीसमोर साळूबाईच्या तोंडून निघालं असतं तर त्याला देवळातल्या पंचांच्या घोंगडीवर बसायला तोंड राहिलं नसतं. त्यानं घाईघाईनं निकाल सांगून टाकला.

"पाळकसाहेब येईपर्यंत हिचं प्रभुभोजन बंद." इथवर ठीक होतं. मंडळीची रीतच होती ती. पण तोंड एकदा सुटलं की बापाचे शब्द आपोआप बाहेर आले. "आग बंद, पाणी बंद, बोलणं बंद. तिच्या दारात कुणी जायचं न्हाई, तिनं कुणाच्या दारात यायचं न्हाई."

अहो, आग-पाणी बंद करायला हे काय जातीचं पंचमंडळ होतं? ज्या वाळीत टाकण्याला कंटाळून ह्यांच्या बापजाद्यांनी कपाळं बडवली, तेच ह्यांनी देवळात आणून बसवलं आणि कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. उलट लोक म्हणाले, पंच असावा तर असा. स्वतःच्या मानलेल्या बहिणीलाही सोडलं नाही.

साळूबाईनं कुंडलिककडं एकदा रोखून पाहिलं. मग ती निघून गेली.

घरी गेल्यावर फुलाबाईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "तुमी तिला 'का' म्हणून इचारलं न्हाईसा."

कुंडलिक ताटावरून उठला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि फुलाबाईनंही त्याला जेव म्हटलं नाही.

बघता बघता अडीच महिने गेले. वस्तीनं निकाल अगदी चोख पाळला. साळूबाई पाणवठ्यावर आली की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. तिची चूल विझली तर विस्तव आणायला तिला वरच्या वाडीत जावं लागे. आणि तिचं जातं! दिवाळीच्या आधी ते टाकवायला झालं होतं, ते राहिलं ते राहिलंच. रोज पहाटे कुंडलिकच्या कानावर त्या जात्याची घरघर पडायची. दगडावर दगड नुसता घसरत होता. दाणा फुटत नव्हता, तसाच बाहेर पडत होता. ती तोच दाणा पुन्हा वर घालत होती, पुन्हा ओढत होती. हा गोधडी डोक्यावरून घ्यायचा, कानात बोटं घालायचा. फुलाबाई शेजारी जागीच असायची. "आयकू येतंय न्हवं?" ती अंधारात म्हणायची. "माझं आपलं बरं हाय, माझा कान तुमच्यासारका तयार न्हाई."

वरच्या वाडीत बनाबाई म्हणून एक शेतकरीण होती. साठीची, तोंडाची फटकळ, कुंडलिकला अरेतुरे करणारी ती एकटीच. तिचं जातं टाकवत तो बसला होता तेव्हा ती समोर नाचणी पाखडत बसली आणि म्हणाली, "काय रं कुंडलिका, आमी वाळीत टाकतो म्हणून तुमी त्या येशूकडं गेलासा म्हनं. आन् तिकडं जाऊन तुमीबी त्येच?"

"तुमाला काय करायचंय आमच्यातलं, आजी?"

"मला काय करायचंय? तुझी ती साळू माझ्या दारात इस्तवाला येती. कवामवा पीठबी मीच घालते तिला. आन् आयक, जाणार हाय ती. तुमचा पाद्री येऊन गेला की नगराकडं भावाकडं चाललीया. भाऊ जुन्या जातीतच हाय. दंड भरून परत घेतील म्हनं. तुमच्या देवानं तर दार लावलं, मग बाईनं कुठं जावं?"

कुंडलिकचा हातोडा बोटावर बसला. रक्त आलं. बनाबाईनं हळद लावली, वर चार शिव्या घातल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. साळू जाणार. भिमाची बायको. मंडळीतून, देवातून, आणि ह्या वस्तीतून कायमची जाणार, आणि ती का गेली हे जगात तिघांनाच ठाऊक असणार. तिनं सांगायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. फुलाबाई बोलणार नाही. राहिला तो स्वतः. आणि तो बोलला तर? पंच म्हणून वीस कोसांत मान होता. बापाचं नाव होतं. भित्रा म्हणून लोक तोंडावर थुंकतील. परतीच्या वाटेवर तो स्वतःशीच मोठमोठ्यानं भांडत आला. ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाया म्हणाल्या, आज कुणाचं जातं वाकडं निघालं देव जाणे.

मार्गशीर्षात पाळकसाहेब आले. शनिवारी दुपारी देवळात मंडळी जमली. साळूबाईला बोलावणं गेलं, ती आली आणि दाराशी उभी राहिली.

गेनबा म्हणाला, "हिला परत घ्यायचं आसंल तर रीत झाली पायजे. सगळ्यांचे जोडे डोक्यावर घेऊन हिनं देवळाला फेरी मारावी, आन् बारा घरांना जेवण घालावं."

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. साधे गृहस्थ होते, चालून चालून पायाला फोड आलेले. म्हणाले, "गेनबा, ही जातीची रीत झाली. आपली रीत वेगळी आहे. मला सांगा, हिला मधे उभं करण्याआधी हिच्या घरी कोण गेलं होतं? एकटं, गुपचूप, समजूत घालायला?"

बायांनी गेनबाकडं पाहिलं, गेनबानं कुंडलिककडं.

"बरं, बाहेर काढल्यावर कोण गेलं?"

"बाहीर काढल्याव कोण जातंया, साहेब?" एक म्हातारा म्हणाला. "मग बाहीर काढलं म्हंजे काय?"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग साळूबाईकडं वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मरीआईला का गेलात?"

कुंडलिकनं घोंगडीची कड मुठीत धरली. आता निघणार. बारा घरांसमोर निघणार.

साळूबाई हळू आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. एका देवाचा हात धरलाय तर दुसऱ्याच्या दारात जायला नको व्हतं. पर पोर माझ्या म्होरं मरत व्हती, साहेब, आन् मला आजूबाजूला कोणी दिसंना."

एवढंच. नाव घेतलं नाही तिनं. कुंडलिककडं बघितलंही नाही. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "चूक कबूल केलीत, संपलं. उद्या भोजनाला बसा." गेनबा थोडा कुरकुरला, पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. बायाही रडायला लागल्या होत्या.

म्हणजे सुटलाच की कुंडलिक! काही बोलायची गरज उरली नाही. साळूबाई परत आली, लाज झाकली गेली, पंचाचं पागोटं डोक्यावर राहिलं. दुसरा कुणी असता तर पोटभर जेवून झोपला असता. पण हा सकाळी उठला तो आजाऱ्यासारखा. कारण भोजनाचं ताट घेऊन रांगेतून फिरायचं काम थोरल्या पंचाचं होतं.

रविवारी देऊळ भरलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, खाली तरटं. पाळकसाहेबांनी पोळी मोडली, आशीर्वाद मागितला आणि ताट कुंडलिकच्या हाती दिलं. तो पुरुषांच्या रांगेतून गेला. मग बायांच्या. प्रत्येकीनं एकेक तुकडा घेतला. शेवटी दाराजवळ साळूबाई बसली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले. रोज झिजलं जातं ओढून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. कुंडलिक थांबला. ताट त्यानं पुढं केलं नाही.

"पंच?" पाळकसाहेब म्हणाले.

"म्या हिला देऊ शकत न्हाई," कुंडलिक म्हणाला.

देवळात एकदम गलका झाला. गेनबा तर खूश झाला. "बघा! म्या काल म्हणतच व्हतो!" साळूबाईनं हात मागं घेतले. तिचा चेहरा पडला, उठायलाच निघाली होती ती.

"आरं, गप बसा!" कुंडलिक असा ओरडला की पत्रा वाजला. "हिला न्हाई म्हणत म्या. हात माझा घाण हाय. हिनं मला दोनदा बोलावलं. पयल्यांदा फुलाच्या हाती, दुसऱ्यांदा सवता दारात आली. पाच पावलांवर घर! आन् म्या गेलो न्हाई. सांगवीला जातो म्हणून खोटं बोललो आन् धरणाव जाऊन बसलो. हिला कोणी दिसंना म्हणती ना ही? दिसलं नसंलच. दिसायचं माणूस म्या व्हतो. आन् वरनं म्याच हिचा न्याय केला. का गेलीस म्हणून इचारलंबी न्हाई, ही माझं नाव घेईल म्हणून." त्यानं ताट खाली ठेवलं. "आता करा काय करायचं ते."

फुलाबाईनं पदरात तोंड खुपसलं. मग गेनबा उठला. त्याच्या तोंडावर आता खुशी नव्हती, राग होता, आणि तोही खोटा नव्हता. "मग जो न्याय तिला, त्योच ह्याला. आग बंद, पाणी बंद..."

"व्हय, व्हय," दोघंतिघं म्हणाले.

"करा," कुंडलिक म्हणाला. "माझी ना न्हाई."

पाळकसाहेबांनी बोलायला हात वर केला, पण त्यांच्या आधी साळूबाई उभी राहिली. "थांबा. मला आदी इचारू द्या." ती कुंडलिकच्या अगदी समोर आली. "दादा, का आला न्हाईसा?"

त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"सांगा की. आडीच म्हयने म्या रोज इचारतीया मनाशी. दळताना इचारतीया. म्या म्हणते, रांडमुंड बाई, तिच्या पोरीची काय किंमत, म्हणून आले नसतील. आसंच ना?"

"न्हाई गं, साळू!" कुंडलिकचा आवाज फुटला. "भ्यालो गं मी. म्या नऊ वर्सांचा व्हतो. पटकीनं माझे दोन भाऊ गेले, एका दिसात. एकच गोधडी व्हती, आयनं आमा तिघांला त्यातच झोपवलेलं. सकाळी म्या जागा झालो तर दोन्ही अंगाला गार. म्या मधी. तवापासनं पटकी म्हणलं की माझे पायच उचलत न्हाईत. कुणाला सांगितलं न्हाई कवा. बायकूलाबी न्हाई. तू दारातनं गेलीस तवा उठलो व्हतो, देवाशप्पत उठलो व्हतो, आन् ती गोधडी दिसली." असं म्हणून तो पन्नाशीचा बाप्या भर देवळात लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

साळूबाई बघत राहिली. तिच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसलं नाही तिनं. "म्हंजे भ्यालासा," ती म्हणाली.

"व्हय."

"मीबी भ्याले व्हते, दादा. म्हणून तर तिकडं गेले."

आता गेनबाही खाली बसला. पाळकसाहेब हळूच पुढं आले आणि म्हणाले, "चूक ती चूक. ती झाकायची नाही. कुंडलिकराव तीन महिने भोजन घेणार नाहीत आणि ताटाला हात लावणार नाहीत. पण आग-पाणी बंद हा शब्द पुन्हा ह्या देवळात ऐकू येता कामा नये. उलट रोज एका घरानं ह्यांच्याकडं जायचं. बसायचं, बोलायचं. तीच आपली शिक्षा आणि तेच आपलं औषध." असं म्हणून त्यांनी स्वतः ताट उचललं आणि साळूबाईपुढं धरलं. तिनं तुकडा घेतला, डोळे मिटले आणि खाल्ला.

कुंडलिक उठला आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत बसायचं त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पाठ भिंतीला टेकवून तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. आत गाणं सुरू व्हायची तयारी चालली होती. एवढ्यात साळूबाईनं आपलं तरट उचललं आणि दाराकडं निघाली.

"अगं साळूबाई," गेनबा म्हणाला, "तुझी जागा आता आत हाय. बाहीर कुठं निघालीस?"

"आत तुमी लई जण हायसा," ती म्हणाली. "माझा राग गेला न्हाई त्यांच्यावरला. इतक्यात जायचाबी न्हाई. पर एकट्यानं बाहीर बसायचं म्हंजे काय आसतं, ते तुमच्यात मला एकलीलाच ठावं हाय."

आणि तिनं ओट्यावर कुंडलिकच्या शेजारी तरट अंथरलं आणि बसली.